पिशवीला खुर्ची

“मावशी, तुम्ही खाली बसा.”

सर म्हणाले. आवाज मऊ होता. सरांचा आवाज नेहमीच मऊ असतो. ओरडणाऱ्या माणसाला उलट उत्तर देता येतं. मऊ बोलणाऱ्याला काय देणार?

वर्गात खुर्च्या भरपूर होत्या. समोर पांढरी चादर अंथरलेलं टेबल, त्यामागं अध्यक्षांची आणि अधिकाऱ्यांची खुर्ची. बाजूला तज्ज्ञांच्या खुर्च्या, मागं पत्रकारांच्या. सरांना एक खुर्ची. तिच्या शेजारी आणखी एक, तिच्यावर सरांची तागाची पिशवी. पिशवीवर हिरवं झाड छापलेलं. आणि या सगळ्यांच्या मधोमध, फरशीवर, निळी सतरंजी. ती माझ्यासाठी.

हे नाटक होतं. म्हणजे प्रॅक्टिकल होतं. पर्यावरण नियोजन आणि धोरण या विषयात एम.ए. करायचं तर ते करावंच लागायचं. मोठा प्रकल्प येणार असला की सरकार लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकतं. त्याला जनसुनावणी म्हणतात. ती कशी चालते हे पोरांना कळावं म्हणून वर्गात खोटी सुनावणी भरवायची. कोणी कलेक्टर व्हायचं, कोणी कंपनीचा मॅनेजर, कोणी तज्ज्ञ. आणि कोणी बाधित. ज्याच्या उशाशी तो प्रकल्प येऊन बसणार, तो बाधित.

मी बाधित. दर वेळी मीच.

“सर, या वेळी मला तज्ज्ञ करा ना,” मी म्हटलं. “मी वाचून आले आहे.”

सर हसले. “अहो मावशी, तज्ज्ञ कोणीही होईल. बाधिताचं काम अवघड. आणि तुम्हाला तर अभिनय करायची गरजच नाही.”

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. माझं हसणंच तसं आहे. आमच्या वस्तीत म्हणतात, ही हसली की मालगाडीच्या ड्रायव्हरलेबी ऐकू जाते.

हसले, आणि खाली बसले.

माझ्यासोबत शबाना होती. अचलपूरची पोरगी, अब्बांचं कापडाचं दुकान, वर्गात सगळ्यात चांगले नकाशे काढायची. तिलाही सरांनी सतरंजी दिली होती. ती बसता बसता माझ्या कानाशी लागली. “खाला, हम दोनोंच काहून?”

“गप बस,” मी म्हटलं. “पडदा उघडून राहिला.”

सरांनी नाटकाचे तीन भाग ठरवून दिले होते. तक्रार, समजावणी, समाधान. आधी बाधितानं रडायचं. मग अधिकाऱ्यानं समजावून सांगायचं. मग बाधितानं म्हणायचं, “समजलं साहेब, आम्ही अडाणी माणसं, तुम्ही म्हणता ते खरं.” मग टाळ्या.

आता खरं सांगते, मी नट आहे. जन्मजात. बाप जयंतीच्या जलशात गाणारा, आणि मी लहानपणापासून विहाराच्या ओट्यावर नकला करणारी. नगरसेवक कसा हात जोडतो, सरकारी दवाखान्यातली बाई नाव पुकारताना नाक कसं वर करते, सगळं करून दाखवायची. म्हाताऱ्या पोट धरून हसायच्या. तर भूमिका मिळाल्यावर मी काय सोडते होय? पदर डोक्यावर घेतला. कपाळ बडवलं. “मायबाप, माह्यं लेकरू खोकलून खोकलून निळं पडते!” असा हंबरडा फोडला की मागच्या बाकावरची पोरगी खरंच डोळे पुसायला लागली. मग कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणं रांगत टेबलापाशी गेले आणि अध्यक्षांचे पाय धरले.

अध्यक्ष होती केतकी. अमरावतीच्या वकिलांची मुलगी, माझ्या लेकीहून लहान. पांढरे शुभ्र बूट. ती खाली वाकून कुजबुजली, “काकू, प्लीज, सोडा ना, गुदगुल्या होतात.”

पाय सोडले. उठायला गेले, तर उठता येईना. इतका वेळ मांडी घालून बसल्यानं पाय झोपले होते. एक हात टेबलाला, एक गुडघ्यावर, तशीच अडकले. अर्धी उभी, अर्धी बसलेली.

“बघा!” सर टाळी वाजवत म्हणाले. “ही देहबोली बघा. वाकलेली. शिकवून येत नाही ही. याला म्हणतात नैसर्गिक.”

पोरांनी वहीत लिहून घेतलं.

टाळ्या झाल्या. शबानानं हात देऊन उठवलं. मी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, नाटक संपल्यावर करतात तसा.

मला काही वाटलं नाही. लोक विचारतात, तेव्हा राग नाही आला? रडू नाही आलं? नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्या गेल्या. बाकी अंगाला आल्याच नाहीत. बोट चिमटून बघावं आणि ते बोट दुसऱ्या कोणाचं असावं, तसं.

आमची वस्ती अकोल्याच्या कडेला. मागं कचरा डेपो. उन्हाळ्यात कचरा पेटतो आणि आठवडे आठवडे धुमसत राहतो. पडदे काळे, दोरीवरचे कपडे काळे, पोळीवर काळे ठिपके. आमच्याकडं सून आली की पहिला प्रश्न विचारत नाही की स्वयंपाक येतो का. विचारतात, दमा नाही ना?

दर थोड्या वर्षांनी डेपो वाढवायची गोष्ट निघायची. साहेब यायचे. नाकाला रुमाल, हातात नकाशा. एकदा मी एकाच्या खांद्यावरून नकाशात डोकावले. डेपो तपकिरी, नाला निळा, शेत हिरवं. आणि जिथं आमचं विहार, आमची घरं, हापशी, वच्छलाआईचा बकऱ्यांचा गोठा, तिथं पांढरं. त्यावर लिहिलेलं, ‘मोकळी जागा’.

तेव्हा ठरवलं. नकाशा रंगवणारा हात पाहायचा. जमलं तर त्या हाताच्या शेजारी आपला हात ठेवायचा.

नवरा रेल्वेत गँगमन. लेक लग्न होऊन गेली होती. बी.ए. मी घरी बसून केलं होतं. अमरावतीत एका कॉलेजात हा विषय आहे असं कळलं आणि अर्ज भरला. पहाटे भाकरी थापायची, अकोल्याहून गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोत कोंबून घ्यायचं, आणि वर्गात पहिल्या बाकावर. पोरं केतकीला केतकी म्हणायची, शबानाला शबाना. मला सर पहिल्या दिवसापासून मावशी. हजेरी घेतानाही. माझं नाव त्यांच्यासमोरच्या कागदावर असायचं, आडनावासकट. आडनाव त्यांनी नीट वाचलं होतं, एवढं मला माहीत आहे.

मोकळ्या जागेची गोष्ट वर्गातही निघाली. एक दिवस सरांनी पडद्यावर नकाशा लावला. तोच. “अकोल्याच्या डेपोच्या विस्ताराच्या अहवालाचं काम आपल्याकडं आलं आहे,” ते म्हणाले. “मीच करतोय. तुम्हाला शिकायला उत्तम उदाहरण.”

मी उभी राहिले. “सर, ते पांढरं दिसतं ना, तिथं आमचं घर आहे.”

“असेल.”

“असेल नाही सर. आहे. शेकडो माणसं राहतात.”

“मावशी,” सर मऊ आवाजात म्हणाले, “नकाशाला भावना नसतात. नोंद असते. तुमच्या भावना आपण जनसुनावणीत घेऊच.”

म्हणजे कशा घेणार ते मला कळलं. तक्रार, समजावणी, समाधान.

त्या नाटकाच्या दिवशी घरी पोचले तर नवरा दारातच. “काय शिकवलं आज तुले?”

“रडाले शिकवलं.”

“मंग? आलं का?”

“पैला नंबर!”

जेवणं झाली. रात्री विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. त्यांना तर दर आठवड्याला माझा प्रयोग लागायचाच. मी सरांची नक्कल केली, मऊ आवाज, मान तिरपी. केतकी केली, गुदगुल्यांसकट. स्वतःला केलं, रांगत, पदर लोळवत, “मायबाप!” करत. अर्धवट उठून अडकले ते केलं, तेव्हा तर एकीला ठसका लागला. पोरं ओट्यावर लोळायला लागली. असा रंगला होता प्रयोग की काय सांगू.

वच्छलाआई हसली नाही. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. बकरीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती.

“पन तू खाली काहून बसली व?”

“अवं आई, ते नाटक होतं.”

“हाव. नाटक होतं. मंग बाकीचे कशावर बसले होते?”

“खुर्च्यायवर.”

“खुर्च्या सरल्या होत्या का?”

“नाई.”

“एखांदी रिकामी होती?”

मला सरांची पिशवी आठवली. “एकीवर पिशवी ठेवेल होती,” मी म्हटलं.

वच्छलाआईनं पिल्लू खाली सोडलं. मग फक्त एवढंच म्हणाली, “माह्या बापाले गावात पाटलाच्या दारी खाली बसाव लागे. तो नाटक नोता करत.”

हसणं थांबलं. मागं विहाराचं दार उघडं होतं. आतल्या तसबिरीतला माणूस सुटाबुटात खुर्चीवर बसलेला आहे. जन्मापासून ती तसबीर बघते आहे. खुर्चीकडं कधी बघितलं नव्हतं.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. घरी जाऊन भांडी घासली. राखेनं घासता घासता बघितलं, तर एकच भांडं मघापासून घासत होते.

वर्षाच्या शेवटी मोठा प्रयोग असायचा. त्याला बाहेरचे पाहुणे, त्यालाच मार्क. पास व्हायचं तर त्यात उतरावं लागणार. त्या वर्षी विषय ठरला आमचाच डेपो. आणि पाहुणे कोण? खरी सुनावणी घेणारे अधिकारी. सरांनी अभिमानानं सांगितलं, “साहेब लोक स्वतः येणार आहेत. अगदी खऱ्यासारखं करायचं.”

मी पुन्हा सरांपुढं उभी राहिले. “सर, मला तज्ज्ञ करा. नकाशावर बोलते. पाच मिनिटं द्या.”

“मावशी, पाहुण्यांना काय आवडेल ते मला कळतं.” मग मायेनं, “आणि हो, त्या दिवशी एखादी जुनी साडी नेसा. थोडी विरलेली असली तर उत्तम.”

मला एवढंच हवं होतं, की त्या साहेबांच्या कानावर नकाशातली चूक जावी. सतरंजीवरून ती गेली नसती. सतरंजीवरून फक्त रडणं जातं.

त्या दिवशी मी लेकीच्या लग्नातली जांभळी रेशमी साडी नेसले. केसांत अबोली. बडनेऱ्याच्या फलाटावर एका बाईनं विचारलं, “कोनाचं लगन हाय व?” मी म्हटलं, “माह्यंच समज.”

वर्ग सजवला होता. पांढरी चादर, फुलदाणी, पाण्याच्या बाटल्या. पाहुणे समोरच्या रांगेत, एक सफारीतले थोरले साहेब मधोमध. अध्यक्ष केतकी. सगळे खुर्च्यांवर. पिशवीसुद्धा, सरांच्या शेजारी, झाड समोर करून. आणि मध्ये निळी सतरंजी. शबाना आधीच तिच्यावर येऊन बसली होती, दुपट्टा आवळून.

सरांनी साडी बघितली. चेहरा जरा आंबला. पण आवाज मऊच. “या मावशी. बसा.”

मी उभी.

“बसा ना.”

“बसते सर. खुर्ची द्या.”

वर्गाला वाटलं नवीन विनोद आहे. दोघं तिघं हसले. मी हसले नाही. तेव्हा तेही थांबले.

सर जवळ आले. “मावशी, खऱ्या सुनावणीत लोक खालीच बसतात. आपण वास्तव दाखवतोय.”

“नियम वाचला सर. तुम्हीच वाचायला दिला होता. सूचना कशी द्यायची, म्हणणं कसं नोंदवायचं, सगळं आहे त्यात. सतरंजी कुठंच नाही.”

“मार्कांचा प्रश्न आहे,” ते हळूच म्हणाले. “तुमच्या.”

“हाव.”

मधले सफारीतले साहेब पुढं झुकले. भला माणूस असावा. “बसा ना बाई,” म्हणाले. “तुमच्याचसाठी तर चाललं आहे हे सगळं.”

मी चालत सरांच्या खुर्चीपाशी गेले. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. जड होती. ती नीट, दोन्ही हातांनी नेऊन सतरंजीवर ठेवली. झाड वर करून. पिशवीला काही फरक पडला नाही.

मग त्या खुर्चीवर बसले.

आयुष्यभर आवाज चढवत, उतरवत, गळा काढत आले होते. त्या दिवशी माझा आवाज सपाट होता. सूचना वाचतात तसा. “अध्यक्ष महोदया, अहवालातल्या नकाशात डेपोच्या पूर्वेला मोकळी जागा दाखवली आहे. ती मोकळी नाही. तिथं वस्ती आहे. मी तिथं राहते. नोंद चूक आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय ही सुनावणी पुढं नेता येत नाही. एवढंच.”

केतकी सरांकडं बघायला लागली. पुढं काय म्हणायचं ते तिच्या कागदावर नव्हतं.

शबाना उठली. दुपट्टा झटकला. भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांतली एक ओढली, फरशीवर करकर आवाज झाला, आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. “मेराभी वोच कहना है,” म्हणाली.

आता बाधित कोणीच उरलं नव्हतं. सतरंजीवर एकटी पिशवी.

सर्वांत आधी सर सावरले. “आपण आधी चहा घेऊ या,” म्हणाले.

सगळे चहाला गेले. समोसेही होते. आमच्याजवळ कोणी आलं नाही. सफारीतल्या साहेबांनी जाताना माझ्याकडं बघून मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. आतून काही उसळलं का? नाही. फक्त पाय जमिनीला नीट टेकले होते. खुर्चीवर बसल्यावर टेकतात.

मी पास झाले. काठावर. शबानाही काठावर, नकाशे एवढे चांगले काढूनही. मग एका दुपारी डेपोजवळ मांडव पडला. खरी जनसुनावणी.

मांडवात सोफे, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी, त्यांच्यामागं कूलर. समोर अंथरलेल्या सतरंज्या. पुढच्या सोफ्यावर साहेब, त्यांच्या शेजारी सर. मांडीवर पिशवी. तिला या वेळी खुर्ची मिळाली नव्हती.

आणि वस्तीतून बाया आल्या. मी एकीच्या हाती निरोप धाडला होता, एवढंच. पण ही मिरवणूक माझ्याही नाटकात बसली नसती. डोक्यावर खुर्च्या. लाल, निळ्या, हिरव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उन्हात तापलेल्या. एखादीची पाठ तुटकी, एखादीचा पाय तारेनं बांधलेला. एकीनं शिवणाच्या मशिनीचं स्टूल आणलं. वच्छलाआईच्या खुर्चीला एकच हात होता, नातवानं ती पुढं आणून ठेवली आणि ती त्या एका हातावर कोपर टेकून बसली, राणीनं बसावं तशी.

शिपाई धावत आला. “चेअर नका लावू बाई! व्यवस्था केली आहे ना खाली!”

“खाली तू बस,” वच्छलाआई म्हणाली. “आमी बसलो आमच्या मनानं.”

सतरंज्या रिकाम्या राहिल्या. एक कुत्रं येऊन त्यावर निजलं.

सरांनी मला ओळखलं. उभे राहून साहेबांना सांगितलं, “ही आमची विद्यार्थिनी. आम्ही घडवलेली.” मऊ आवाजात. अभिमानानं.

मी बोलले. तेच वाक्य, त्याच सपाट आवाजात. वस्तीतल्या बायाही एकेक करून बोलल्या, खुर्चीतून उठून. कोणी रडली नाही. कोणी पाय धरले नाहीत. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं.

पुढं काय झालं? लोकांना गोष्टीचा शेवट हवा असतो. डेपो वाढला. आमच्या बाजूनं नाही, नाल्याच्या बाजूनं. नकाशात मोकळ्या जागेवर आता ‘अनधिकृत वस्ती’ असं लिहिलं आहे. रंग अजून पांढराच. उन्हाळ्यात धूर येतो. वच्छलाआई गेली, खोकल्यानं.

मला पदवी मिळाली, ती पेटीत आहे. आता कुठल्या वस्तीत, कुठल्या गावात सुनावणी असली की बाया मला बोलावतात. वलगावला गेले, आणखीही लांब गेले. निरोप एकच धाडते, खुर्च्या आणा. नकला अजून करते, ओट्यावर, सगळ्यांच्या. स्वतःची ती नक्कल सोडून. रांगणारी बाई मी पुन्हा कोणालाच करून दाखवलेली नाही.

वच्छलाआईची एका हाताची खुर्ची माझ्या दाराशी असते. ती मी घरात घेत नाही. ज्या मांडवात माणसांसाठी खाली अंथरलं असेल आणि वर कोणी बसलं असेल, तिथं मी ती खुर्ची घेऊन जाते आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवते. शेवटचा माणूस जमिनीवरून उठेपर्यंत मी तिथं एक शब्द बोलू देत नाही. साहेबाला नाही, सरांना नाही. सुनावणी सुरूच होऊ देत नाही.